मागच्या पट्टीवर बसून काय बघायचं?

पत्र मराठवाड्यातल्या एका केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणाऱ्या) ताईंचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यावर त्यांना गेल्या वर्षी पदोन्नती मिळाली. केंद्रात 11 शाळा, वर शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभार. त्या शाळाभेटीला जातात, वर्गात मागे बसून पाठ बघतात, निघताना शेरेपुस्तकात सूचना लिहितात. शिक्षक "हो मॅडम, करतो" म्हणतात, आणि पुढच्या भेटीत सगळं जिथल्या तिथे. जुलैमध्ये त्यांनी तिसरीच्या वर्गावर हातच्याच्या वजाबाकीचा पाठ बघितला आणि पाच सूचना लिहिल्या. शिकवणारे गुरुजी त्यांच्यापेक्षा खूप ज्येष्ठ. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही डीएड करत होतात तेव्हापासून मी वजाबाकी शिकवतोय." तेव्हापासून बोलणं कामापुरतं. ताई लिहितात: "कालपर्यंत ही सगळी माझीच माणसं होती. आता मी फाटकातून आत आले की ऑफिसातलं हसणं थांबतं. मी कडक व्हावं की गोडीगुलाबीनं घ्यावं? अभिप्राय द्यायचा तरी कसा? आणि गुरुजींचं काय करू?"

ताई,

कडक की गोड हा प्रश्न आपण आधी बाजूला ठेवू. दोन्हींत बोलणार तुम्हीच, ऐकणार शिक्षक. आवाज बदलला तरी सांगण्यासारखं हाताशी काय आहे हा मुद्दा उरतोच, आणि तुमच्या पत्रात माझं लक्ष तिथेच अडलं.

तुम्ही त्या पाच सूचना पत्रात उतरवून पाठवल्यात हे बरं केलंत. टाचण (पाठाची आधी केलेली लेखी तयारी) अद्ययावत ठेवावे. शैक्षणिक साहित्याचा वापर करावा. विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा. अप्रगत विद्यार्थ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. फलकलेखनात सुधारणा करावी. यातलं चुकीचं काहीच नाही. पण वरचं शाळेचं नाव झाकलं तर हा शेरा राज्यातल्या कुठल्याही शाळेचा, कुठल्याही वर्षाचा असू शकतो. पाठ न बघताही तो लिहिता आला असता. गुरुजींना तुमचं वय खुपलं असं तुम्ही धरून चालला आहात. मला वाटतं, अर्धा तास वर्गात बसून तुम्ही जे लिहिलंत त्यात त्यांचा वर्गच नव्हता, हे त्यांना जास्त लागलं असावं. त्यांचं उत्तर तिखट होतं खरं, पण त्यात एक प्रश्नही आहे: माझ्या वजाबाकीत तुम्हाला नेमकं काय दिसलं?

मग वजाबाकीच घेऊ. फळ्यावर 52 वजा 27. गुरुजी रीतसर सांगतात: दोनातून सात जात नाहीत, शेजारच्या दशकाकडून एक दशक घेऊ, दोनाचे झाले बारा. मुलं एका सुरात साथ देतात. "समजलं का?" "होऽऽऽ!" मागे खुर्चीत बसलेल्या माणसाला हा पाठ चांगला दिसतो आणि तसा तो आहेही. आता खुर्ची सोडा आणि खाली पट्टीवर एखाद्या मुलीशेजारी बसा. तिच्या वहीत उत्तर आहे 35. अशा वेळी "अगं, चुकलं" म्हणायचा मोह आवरून फक्त विचारायचं, "हे कसं केलंस, मला सांगशील?" ती सांगते, "दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून मी सातातून दोन घालवले. मग पाचातून दोन." म्हणजे तिनं गुरुजींचं वाक्य नीट ऐकलंय. पहिला अर्धा भाग तिच्याकडे शब्दशः आहे. अडचण आल्यावर तिनं आपल्या बुद्धीनं वाट काढली: मोठ्यातून लहान वजा करायचं. ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते आणि ती आळशी मुलांची नसते, विचार करणाऱ्या मुलांची असते.

आता सांगा, शिक्षकाला यातलं काय उपयोगी पडेल? "साहित्याचा वापर करावा" हे, की "गुरुजी, तिसऱ्या पट्टीवरच्या चौघांच्या वह्या बघितल्या. तिघांचं उत्तर 35 आलंय. एकीला विचारलं तर ती असं म्हणाली" हे? दुसऱ्या वाक्यात तुम्ही गुरुजींबद्दल एक शब्दही बोललेला नाहीत. उपाय सुचवलेला नाही. कपाटातून दशकांचे दांडे आणि सुटे मणी काढायचे की दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एवढी वर्षं ते तेच करताहेत. त्यांना ठाऊक नव्हतं ते एवढंच, की "होऽऽऽ" म्हणणाऱ्यांत 35 वाले होते. फळ्यापाशी उभं राहून ते दिसत नाही. तुम्हाला दिसलं, कारण त्या वेळी वर्गात शिकवण्याची जबाबदारी नसलेलं मोठं माणूस तुम्ही एकट्याच होतात. भेटीला येणाऱ्या माणसाचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो.

अभिप्राय दिला की सुधारणा होणारच, हेही आपण फार सहज धरून चालतो. अब्राहम क्लूगर आणि ऐंजेलो डिनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे कित्येक जुने प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी फायदा दिसला. पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट खालावली होती. माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःकडे, "मी कसा आहे" याकडे गेलं की अभिप्रायाचा असर उतरतो, अशी त्यांची मांडणी होती. हे टोमण्याला लागू आहे आणि कौतुकालाही. "मॅडम, तुम्ही फार छान शिकवता" हे ऐकून बरं वाटतं, पण उद्या सकाळी वर्गात काय करायचं ते त्यातून कळत नाही. आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक अशी एक रीत प्रशिक्षणांत सांगतात. ती आता इतकी जुनी झाली आहे की तुम्ही कौतुकाला सुरुवात केली की समोरचा शिक्षक "पण" कधी येतोय याचीच वाट बघत बसतो.

तेव्हा वर्गात जाताना वही न्या, रकान्यांचा नमुना नको. जे दिसलं, ऐकू आलं तेच लिहायचं, मत नाही. उदाहरणार्थ: "11.10 ते 11.25. प्रश्न 14. नऊंना सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं. पाचांना एकेकट्यानं, ती पाच उत्तरं तिघांचीच, तिघंही पुढच्या पट्टीवर." एवढी नोंद शिक्षकासमोर ठेवली की पुढचं बोलायला तुम्ही लागत नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतात हेही मनात आकडे मोजून टिपता येतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970च्या दशकात वर्गांमधलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत; वर्गात मात्र ती शांतता अंगावर येते, म्हणून शिक्षक स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. यात कुणाचा दोष काढायचा नाही, तुमचा-माझाही हात तसाच चालतो.

दोन वर्ग एकत्र असतील, तिसरी-चौथी एकाच खोलीत, तर ज्या वर्गाला त्या वेळी शिकवणं चालू नाही त्याच्याकडे बघा. तिसरीची वजाबाकी होईस्तोवर चौथीला काय काम होतं, ते किती मिनिटांत संपलं, संपल्यावर मुलांनी काय केलं. द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकाचा निम्मा दिवस या प्रश्नात जातो आणि कुठल्याच नमुन्यात त्याला रकाना नसतो.

दिसलं तेच लिहा म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. आपण दिसलेल्याचा अर्थ फार लवकर लावतो. मेळघाटात कोरकू किंवा धडगावकडे पावरी बोलणारं पहिलीचं मूल मराठी प्रश्नावर गप्प राहिलं, की नोंद होते "प्रतिसाद नाही". त्याला प्रश्न कळला नाही, उत्तर येत नाही, की उत्तर येतंय पण मराठीत येत नाही, हे तिन्ही वेगळं आहे. तुमच्या भागात बंजारा तांड्यांवरच्या शाळांतही हेच आढळेल.

हे सगळं वर्गातलं. त्याच्या आधीची पाच मिनिटं जास्त महत्त्वाची, आणि ती बहुतेक भेटींत नसतातच. वर्गात शिरण्यापूर्वी शिक्षकाला विचारा: "आज मी काय बघू?" पहिल्यांदा उत्तर येईल, "बघा की, काहीही." दुसऱ्यांदाही तेच. मग तुम्हीच दोन पर्याय द्या: "मागची चार मुलं काय करतात ते बघू, की तुमचे प्रश्न टिपू?" एकदा शिक्षकानं स्वतः निवडलं की परत येऊन सांगणं सोपं जातं, कारण तुम्ही त्यांनी विचारलेल्याचं उत्तर घेऊन आलेल्या असता. पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीची) माहिती, शौचालयाची पाहणी हे त्याच भेटीत उरकणं भाग असेल तर ते आधी उरका आणि वह्या मिटा. तांदळाचा हिशेब विचारून झालेल्या माणसाशी लगेच वजाबाकीवर मोकळं बोलणं होत नाही. मध्ये चहा तरी होऊ द्या.

बोलायचं कधी, ही अडचण खरी आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत एकाला बाजूला घेतलं की एक वर्ग उघडा पडतो. मधली सुट्टी त्यांची जेवणाची असते, ती खाऊ नका. मला सोयीचं वाटतं ते असं: पाठ संपताना मुलांना पाच उदाहरणं सोडवायला द्यायला सांगा आणि वर्गातच, दाराशी उभं राहून, दहा मिनिटं बोला. तुम्ही टिपलेलं वाचून दाखवा आणि विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" मग थांबा. तीन सेकंदांचा नियम इथेही चालतो. शेवटी एकच गोष्ट ठरवा, शिक्षकाच्या तोंडून आलेली, आणि ती बघायला कधी येऊ हे विचारून घ्या. एकच. पाच सूचनांपैकी पाचही विसरल्या जातात.

तुमच्या हाताशी वेळ किती आहे ते मला कळतं. राज्यात 1994 मध्ये 4,860 केंद्रं करून हे पद आलं ते शाळांना शैक्षणिक मदत मिळावी म्हणून. आज तुमचा दिवस "माहिती तात्काळ सादर करावी" यात जातो. म्हणून सगळ्या शाळांना सारखा वेळ द्यायचा हट्ट सोडा. प्रशासकीय भेटी सगळीकडे होऊ द्या. पाठ बघायला मात्र या सत्रात चार-पाचच शिक्षक घ्या, त्यातही निम्मे असे की ज्यांना तुम्ही आलेलं चालतं, आणि त्यांच्याकडे पंधरवड्याच्या आत पुन्हा जा. वर्षातून एकदा बघितलेल्या पाठावरून शिक्षकाबद्दल मत बनवणं धाडसाचंच आहे. त्या दिवशी बाजार असेल, निम्मी मुलं ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर असतील, किंवा तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी घेतलेलाच पाठ पुन्हा चालू असेल. मुलं प्रश्न संपायच्या आत उत्तर देतात तेव्हा समजावं.

यावर तुमचे वरिष्ठ म्हणतील, मग न कळवता जा. हा वाद जुना आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी लिहिलं होतं, की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा म्हणावा तसा फायदा होत नाही, निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी आणि अधूनमधून वर्दी न देताही जावं. त्याच निवेदनात शिक्षकाचा पगार 12 रुपयांपेक्षा कमी नसावा, अशीही त्यांची मागणी होती. तपासणी आणि शिक्षकाची कदर त्यांनी एकत्रच मागितली, हे आपण सोयीनं विसरतो. शाळा उघडी आहे का, शिक्षक वर्गात आहेत का हे बघायला आजही न कळवता जावं, जरूर जावं. पण शिकवण्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा कळवून जा. दोन्हीला आपण "भेट"च म्हणतो आणि म्हणून दुसऱ्या प्रकारच्या भेटीलाही शिक्षक पहिल्या प्रकारासारखेच आक्रसून बसतात. ऑफिसातलं हसणं थांबतं ते यामुळेही. थोडं थांबणारच, तुमची सही आता त्यांच्या कागदांवर असते, हे दोन्ही बाजूंनी मान्य करून टाकलेलं बरं.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद करा. केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर वर्गाचे फोटो आणि शेजारी अभिप्राय. चांगलासुद्धा नको. "अमुक शाळेतील उत्कृष्ट अध्यापन" असं टाकलं की उरलेल्या दहा शाळा स्वतःबद्दल काय म्हटलं नाही ते वाचतात, आणि ज्याचं नाव आलं त्याला पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, टोमणे. अभिप्राय दोघांतला असू द्या.

शिक्षण परिषदेचा मात्र फार चांगला उपयोग होऊ शकतो. आदर्श पाठ म्हणून एकानं रंगीत तक्ते लावून शिकवायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, त्याऐवजी जपानी शिक्षक कित्येक पिढ्या करत आले आहेत ते करून बघा. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी मिळून एक पाठ आखायचा, एकानं तो खऱ्या मुलांसमोर घ्यायचा, आणि बाकी प्रत्येकानं दोन-दोन मुलांशेजारी बसून त्यांनी काय केलं तेवढंच टिपायचं. नंतरची चर्चा पाठावर होते, कारण तो सगळ्यांनी आखलेला असतो. पहिला पाठ तुम्ही घ्या. वर्षभर खडू हातात न धरलेला माणूस इतरांचे पाठ तपासतो हे शिक्षकांना आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे. खाजगी शाळांतल्या पर्यवेक्षिका हे वाचत असतील तर त्यांनाही हेच सांगणं, उलट त्यांना सोपं. त्यांचा स्वतःचा तास तिथंच, शेजारच्या वर्गात असतो.

वर जे म्हटलं ते सगळं शिकवणाऱ्या शिक्षकाबद्दल. जो शिकवतच नाही, मुलांना कोंडून फोनवर बसतो, त्याच्यासाठी ही रीत वापरू नका. आणि मुलाला मारलेलं दिसलं तर तो अभिप्रायाचा विषयच नाही. शिक्षण हक्क कायदा 2009च्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. त्याच दिवशी स्पष्ट सांगायचं, लेखी द्यायचं, वर कळवायचं. तिथे गोडीगुलाबी कामाची नाही.

शेरेपुस्तकात काय लिहायचं? ते सरकारी दप्तर आहे, ते गटशिक्षणाधिकारीही वाचतात. त्यात एवढंच: "इ. 3 री, गणित, हातच्याची वजाबाकी हा पाठ पाहिला. दशक सुटे करण्याविषयी शिक्षकांशी चर्चा झाली. पुढील भेट अमुक तारखेस." 35 ची गोष्ट त्यात नको. ती गुरुजींजवळ तोंडी. अर्थात हे आधी वरिष्ठांच्या कानावर घाला, म्हणजे "सूचना का नाहीत" हा प्रश्न बैठकीत येणार नाही.

राहिले गुरुजी. त्यांची समजूत काढायला म्हणून जाऊ नका, त्यांना ते लगेच कळेल. कामाचं निमित्त घेऊन जा आणि सरळ विचारा: "गुरुजी, हातच्याची वजाबाकी मला शिक्षण परिषदेत घ्यायची आहे. आधी तुमच्या वर्गावर घेऊन बघू का? तुम्ही मागे बसा आणि कुणाचं काय चुकतंय ते टिपा." बहुतेक ते बसतील, अशी संधी कोण सोडतो! नंतर ते जे सांगतील ते लिहून घ्या, वाद घालू नका, आणि त्यातलं एक परिषदेत त्यांच्या नावानिशी वापरा. पुढे कधीतरी त्यांनी "या, माझा तास बघा" म्हटलं तर जा. नाहीच म्हणाले तर तेवढ्यावर सोडून द्या. तुमच्या केंद्रात तिसरीला शिकवणारे आणखी आठ-दहा जण आहेत आणि 35 त्यांच्याही वर्गात आहे.